फ्रेम उघडायची की नाही?

सव्वा फूट उंच, दीड फूट रुंद असं एक जलरंगचित्र. डावीकडे भोकाभोकांचा उभा खडक, त्याच्या पायथ्याशी पिओनीची तीन टपोरी फुलं, वरून आडवी आलेली मॅग्नोलियाची फांदी आणि तिच्यावर दोन चिमुकले पक्षी. समोर गवतावर फेझंटची जोडी. मादी तपकिरी, नर धुरकट राखाडी, लाल चेहऱ्याचा, शेपूट पार उजव्या कडेपर्यंत गेलेली. फ्रेम काळ्या लाकडाची, आतल्या पट्टीचा सोनेरी मुलामा कोपऱ्यांत उडालेला, काचेच्या आतल्या अंगाला बुरशीची पुसट जाळी. ग्रँट रोडजवळच्या एका पारशी घरात हे चित्र तीन पिढ्या जेवणघरात टांगलेलं होतं. घर आवरायला काढलेल्या आंटींनी ते चादरीत गुंडाळून गिरगावात पाठवलं. सोबत निरोप होता: किती येतील ते सांगा, आणि गोड लागावं म्हणून वाढवून सांगू नका.

ज्यांच्याकडे पाठवलं त्या मामांची हयात जुन्या वस्तूंच्या धंद्यात गेली. मटण स्ट्रीटवर पहाटे जाऊन माल बघणं, लिलावाचे कॅटलॉग उशाशी घेऊन झोपणं, वस्तू हातात घेण्याआधी विकणाऱ्याचा चेहरा वाचणं. भाची कागद-संवर्धक. जुने नकाशे, हस्तलिखितं, जलरंग यांची दुरुस्ती हे तिचं रोजचं काम. दोघं एकाच टेबलाशी बसले की वाद ठरलेला, आणि या चित्राच्या वेळी तो पहिल्याच वाक्याला सुरू झाला.

"काच पुसून घे, फ्रेमला हात लावू नकोस," मामा म्हणाले.

"काचेतून भाव सांगायचा? मामा, हे म्हणजे फोनवर नाडी बघणं झालं."

मामा हसले. चित्र खिडकीपाशी नेऊन त्यांनी ते तिरकं धरलं. आंटींच्या टोरांटोतल्या भाच्याचा मेसेज आदल्या दिवशीच येऊन गेला होता. त्याच्या मते हे कंपनी काळातलं, कलकत्त्याचं चित्र असणार, आणि तसल्या चित्रांना लंडनमध्ये काय किंमत येते हे मामांना ठाऊक असेलच.

"ठाऊक आहे, म्हणून तर सांगतो की हे तसलं नाही," मामांनी सुरुवात केली. "कलकत्त्याला एलायजा इम्पी सरन्यायाधीश होते. त्यांच्या बायकोनं, मेरी इम्पींनी, घरच्या बागेत पशुपक्षी पाळले आणि १७७७ पासून पाचसहा वर्षांत त्यांची तीनशेवर चित्रं काढवून घेतली. शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास. तिघं पाटण्याचे. त्या चित्रांत पक्षी असतो, फार तर एखादी फांदी, आणि भोवती मोकळा पांढरा कागद. खाली फारसीत चित्रकाराचं नाव, इंग्रजीत संग्रहाचं. इथं कागदाला श्वास घ्यायला जागा नाही. हा पाण्यानं झिजून भोकं पडलेला खडक चिनी बागेतला. खडकाशेजारी पिओनी लावायची हौसही तिथलीच. आणि हा पक्षी कुठल्या भारतीय बागेत बघितलास तू?"

"पक्षी ओळखलास?"

"कुठला तरी राखाडी कोंबडा."

भाचीनं भिंग उचललं. नराच्या पाठीवर, राखाडीच्या खाली, केसासारख्या बारीक काळ्या रेघा होत्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकात एक बसवलेल्या. पोट निळसर काळं. "हा राखाडी नाहीच. हा सिल्व्हर फेझंट आहे, दक्षिण चीनच्या डोंगरातला. पाठ पांढरीशुभ्र असायला हवी. चिंग राजवटीत पाचव्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर हाच पक्षी भरतकामात असायचा. पहिल्या दर्जाला क्रौंच, दुसऱ्याला सोनेरी फेझंट, तिसऱ्याला मोर. म्हणजे हे चित्र कुणी घ्यायचं तर बढतीची आशा असलेल्या माणसानं."

"किंवा ज्याला यातलं काही कळत नव्हतं अशा पारशी व्यापाऱ्यानं," मामा म्हणाले.

यात टोमणा असला तरी इतिहास चुकीचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईची गलबतं कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला जात आणि चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परतत. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा त्या वाटेनं गेले. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचं जहाजच पकडलं होतं. पुढे त्यांच्याच एक लाखाच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा उभी राहिली, १८५७ मध्ये. म्हणजे ज्या जे. जे. स्कूलनं महाराष्ट्राला जलरंग शिकवला तिच्या पायात चीनच्या व्यापाराचा पैसा आहे. त्या वाटेवरून मुंबईच्या पारशी घरांत गारा साड्या आल्या, बरण्या आल्या आणि भिंतीवर लावायची चित्रंही आली. भारताबाहेरचं चित्र गिरगावच्या टेबलावर कसं, याचं उत्तर म्हणून एवढं पुरे.

भाचीनं भिंग सगळ्या चित्रावरून फिरवलं. छापील चित्राचा संशय आधी संपवायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छपाईत एकसारख्या ठिपक्यांची जाळी आली. भिंगाखाली ती लपत नाही. त्याआधीच्या शिळाछापात बाह्यरेषा छापलेली आणि रंग तेवढा हातानं भरलेला, असंही असतं. तिथं रेषेला खडूसारखा दाणा दिसतो आणि रंग रेषेच्या बाहेर जरा सांडलेला असतो. आजकाल जुन्या चित्राचा इंकजेट प्रिंट जुन्या फ्रेममध्ये घालून विकणारे महाभागही आहेत. इथं यांतलं काही नव्हतं. पिओनीच्या पाकळीवर ओल्या रंगात पाणी सोडून काढलेली उतरंड होती आणि तिच्या कडेला रंग वाळताना साचलेली गडद किनार.

"हाताचं काम आहे," ती म्हणाली.

"मग झालं तर. चिनी, कॅन्टनचं, हातानं काढलेलं. आणि गाभ्याच्या कागदावरचंही नाही, हे मी न उघडता सांगतो."

"आकारावरून?"

"अर्थात."

मामांचं हे निदान अस्सल व्यापाऱ्याचं होतं. कॅन्टनची जी चित्रं बाजारात नेहमी येतात ती बहुतेक एका वेगळ्याच कागदावर असतात. तो खरं तर कागदच नव्हे. बाशिंगाला आपण भेंड वापरतो तशा जातीचा एका झुडपाच्या खोडातला पांढरा गाभा. तो धारदार पात्यावर फिरवून पातळ पापुद्रा काढतात आणि दाबून सपाट करतात. खोडच बारीक, त्यामुळे पापुद्रा फुटाभराहून मोठा निघत नाही. त्यावर रंग मखमलीसारखा उठतो, पण पापुद्रा वाळला की पापडासारखा मोडतो. १८२० नंतर अशा चित्रांचे आल्बम कॅन्टनमध्ये ढिगानं तयार होत आणि खलाशी, कारकून, कप्तान ते आठवण म्हणून घेऊन जात. ढिगानं झालेल्या गोष्टीचा भावही तसाच. दीड फुटाचं चित्र त्या ढिगातलं नसणार, इथवर मामा बरोबर होते.

"पण मग कशावर आहे?" भाचीनं सोडलं नाही. "चिनी बांबूच्या कागदावर असेल तर एक गोष्ट. विलायती कागदावर असेल तर मागणी देणारा विलायती असण्याचा संभव, आणि तो असेल तर चित्र बाजारात टांगायला काढलेलं नाही, काम सांगून काढवून घेतलेलं आहे. शिवाय कागद पुठ्ठ्याला सरसानं चिकटवलाय की सुटा आहे? चिकटवला असेल तर तो सोडवायचा खर्च कुणाच्या माथी? हे सगळं मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, मामा. पुढून फक्त कोंबडा दिसतो."

"आणि मागची बाजू फोडलीस की ती बाजूच उरत नाही," मामा म्हणाले. "जुन्या चुका, जुना कागद, दुकानदाराची चिठ्ठी. हे सगळं जागच्या जागी असलं तर घेणाऱ्याला कळतं की मधे कुणी हात घातलेला नाही. तू उघडून, स्वच्छ करून, नव्या माउंटात बसवून दिलंस की तो विचारणार, आत काय होतं? काय बदललं? संशय आला की भाव उतरला. तुझं शास्त्र बरोबर असेल, पण गिऱ्हाइकाच्या मनातला पाल चुकचुकण्याचा आवाज तुझ्या यंत्रात येत नाही."

हा नुसता आडमुठेपणा नव्हता. कितीतरी चित्रांची मूळ पाठ भल्या हेतूनं फेकली गेली आहे. जुन्या फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलीनं लिहिलेला लॉट नंबर, एखाद्या प्रदर्शनाची चिठ्ठी एवढ्यावरून चित्राचा शंभर वर्षांचा प्रवास जुळवता येतो. पण उघडायचंच नाही हेही टिकत नाही, कारण मुंबईत बंद फ्रेम म्हणजे जपून ठेवलेली वस्तू नव्हे. चार महिने ओली हवा आत अडकते, काच कागदाला टेकलेली असेल तर रंग काचेला धरतो, कसर मागच्या पुठ्ठ्यातून आत शिरते. आत काय चाललंय ते न बघता किंमत लिहून देणारा, उद्या चित्र काचेला चिकटलेलं निघालं, तर कुणाला तोंड दाखवणार?

शेवटी तोड निघाली. उघडायचं, पण प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा, निघालेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून वर क्रमांक टाकायचा, आणि चुका मामांनी स्वतः काढायच्या. मामांनी पक्कड घेतली.

मागचा तपकिरी कागद आधीच फाटलेला होता. त्याखाली जुन्या गुजराती वर्तमानपत्राचा ताव, घडी घालून पूर्ण पाठीवर पसरलेला, सुकून बिस्किटाच्या रंगाचा झालेला. त्याखाली लाकडाची पातळ फळी. फळीच्या गाठीचा डाग पुढे चित्रावर उतरला असणार, हे भाचीनं फळी उचलण्याआधीच सांगितलं. तो उतरला होता, मादीच्या पायाखाली, गवतात. पुढून बघताना दोघांनाही ती सावली वाटली होती.

"हे वर्तमानपत्र जाळतंय चित्राला," भाची म्हणाली. "लाकडाच्या लगद्याचा कागद, आम्ल सुटतं त्यातून."

"जाळतंय, पण साक्षही देतंय," मामांनी ताव हातात घेतला. त्यावर तारीख होती, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली. "म्हणजे निदान तेव्हापासून चित्र मुंबईत, गुजराती वाचणाऱ्या माणसाच्या हाताखाली होतं. आंटी म्हणतात तीन पिढ्या. आता हे नुसतं घरचं सांगणं राहिलं नाही."

ताव फेकला गेला नाही, चित्राजवळही राहिला नाही. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात गेला. मामा-भाचीचं या चित्राबाबत पहिल्यांदा एकमत झालं ते इथं.

चित्र सुटं होतं, फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत खळीनं धरलेलं. भाचीनं ते प्रकाशपेटीवर ठेवलं. चाळणीच्या तारांच्या समांतर रेघा दिसल्या नाहीत. कागद सगळीकडे सारखा, विणलेल्या जाळीवर केलेला. आणि डाव्या कडेला, खडकाच्या मागे, उजेडात उमटली ती पाच अक्षरं, ए टी एम ए एन. त्याखाली १८, आणि पुढचे दोन आकडे वाचता न येणारे.

"व्हॉटमन," मामा म्हणाले. आवाज जरा चढला होता.

व्हॉटमन हा इंग्लंडच्या केंट परगण्यातला कागदवाला. सपाट, जाळीच्या रेघा नसलेला कागद अठराव्या शतकाच्या मध्यावर त्याच्या गिरणीतून निघाला आणि जलरंगवाल्यांनी तो उचलून धरला. इम्पीबाईंच्या पाटणेकर चित्रकारांनीही व्हॉटमनचाच कागद वापरला होता. निर्यातीच्या कागदावर करात सूट मिळवण्यासाठी १७९४ पासून कागदात साल घालायची पद्धत पडली. म्हणून १८ ने सुरू होणारं साल हे सांगतं की चित्र १८०० च्या आधीचं नाही. कधीचं आहे, हे सांगत नाही. कागदाचं रीम कॅन्टनच्या गोदामात दहा वर्षं पडून राहू शकतं. शिवाय व्हॉटमनचं नाव इतकं चालत होतं की युरोपातल्या काही गिरण्यांनी तोच वॉटरमार्क खुशाल उचलला होता.

भाचीनं हे सगळं सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा उतरला. "तू आनंद होऊ देत नाहीस हं."

"होऊ देते. जंबुपार दिव्याखाली कागद निळा चमकला नाही, म्हणजे १९५० नंतरचा, पांढरेपणाची रसायनं घातलेला कागद नाही. वॉटरमार्कची अक्षरंही व्हॉटमनच्या नमुन्याशी जुळतात. फक्त वर्ष लिहू नकोस."

"मग कुणासाठी काढलं असेल? रीव्ह्ज?"

मामांच्या डोळ्यांसमोर आलेलं नाव मोठं होतं. जॉन रीव्ह्ज हा ईस्ट इंडिया कंपनीचा चहापरीक्षक. १८१२ ते १८३१ या काळात कॅन्टन आणि मकावमध्ये राहिला आणि स्थानिक चित्रकारांकडून शेकड्यांनी प्राणी, मासे, फुलं, पक्षी काढवून घेतले. ती चित्रं आता लंडनच्या संग्रहांत आहेत. त्याच्या टिपणांत अकुट, अकाम, अक्यू, असुंग अशी चित्रकारांची नावं सापडतात. लांबलचक शेपटीच्या एका चिनी फेझंटला आज रीव्ह्जचं नाव आहे, जसं हिमालयातल्या मोनालच्या शास्त्रीय नावात इम्पीबाईंचं. ज्यांनी महिनोन्महिने पिसं मोजली त्यांच्या वाट्याला मात्र एकही पक्षी आला नाही.

"रीव्ह्जची चित्रं शास्त्राला धरून आहेत," भाची म्हणाली. "त्यांत बाग नसते. हे चित्र दोन्हींच्या मधलं आहे. पक्षी बघून काढलाय, बाग पाठांतरानं. त्या फांदीवरचे दोन पक्षी तर कुठल्याच जातीचे नाहीत."

कॅन्टनमध्ये हे सर्रास होतं. तिथल्या चित्रशाळांत कामं वाटलेली असत, एकानं बाह्यरेषा काढायची, दुसऱ्यानं झाडं, तिसऱ्यानं पक्षी किंवा माणसं. लामक्वा या नावाजलेल्या चित्रकाराच्या दुकानाची वर्णनं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. वरच्या मजल्यावर ओळीनं बसलेले कारागीर आणि हाताखालून सरकणारी चित्रं. अशा चित्रावर सही कुणाची असणार?

"आणि सही नाही म्हणजे मुंबईत अर्धी हवा गेली," मामा म्हणाले. "इथं बाजार नावावर चालतो. हळदणकरांच्या जलरंगासमोर गिऱ्हाईक आधी सही बघतं. त्यांची ती दिवा घेतलेली बाई म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, तिच्या नावानं त्यांचं प्रत्येक चित्र वर चढतं. याच्या नावानं काय चढणार? कॅटलॉगमध्ये लिहितील चिनी चित्रशाळा, एकोणिसावं शतक. सहीचं चित्र, अमक्याचं मानलेलं, अमक्याच्या चित्रशाळेतलं, अमक्याच्या पद्धतीचं, आणि अमक्यावरून नक्कल केलेलं. एकेक पायरी उतरलं की भाव गडगडतो. हे तर पायरीच्याही खाली, अंगणात."

"पण अंगणातली माणसं घरात येतात, मामा. कंपनीच्या चित्रकारांना काय भाव होता पूर्वी? २०१९ मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शननं त्यांचं वेगळं प्रदर्शन भरवलं, एकेका चित्रकाराचं नाव भिंतीवर लावून. २०२१ मध्ये सदबीजनं फक्त त्याच चित्रांचा लिलाव केला. आपल्या पुण्याच्या गंगाराम तांबटांचं बघ. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला त्यांनी, वेरूळची लेणी काढली. आज येल विद्यापीठाच्या संग्रहात त्यांचं नाव लिहून ती जपलेली आहेत. तंजावरला सरफोजी राजांनी पक्ष्यांची चित्रं करवून घेतली, ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांच्या चित्रकारांची नावं उद्या एखाद्या मोडी कागदातून निघाली तर? संशोधन पुढे सरकलं की भाव सरकतो."

"सरकतो. पण आंटींना घर पुढच्या महिन्यात रिकामं करायचंय."

याला भाचीकडे उत्तर नव्हतं.

मग रंगांची पाळी आली. माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली बोटभर रुंदीची पट्टी आता उघडी पडली होती, आणि त्या पट्टीत पिओनीची एक पाकळी अर्धी शिरलेली होती. पट्टीतला गुलाबी रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा. पट्टीबाहेर तीच पाकळी धुवट, जवळजवळ कागदाच्या रंगाची. मधे सुरीनं आखल्यासारखी रेघ. किरमिजी रंग किड्यांपासून किंवा झाडांच्या मुळांपासून काढलेले असतात आणि उजेडात उडतात. रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांनी १८८८ मध्ये ब्रिटिश सरकारला जलरंगांवरच्या उजेडाच्या परिणामाचा अहवाल दिला तेव्हा चित्रकारांत मोठी खळबळ उडाली होती. आज संग्रहालयं जलरंगावर ५० लक्सहून जास्त उजेड पडू देत नाहीत. ग्रँट रोडच्या जेवणघराला पश्चिमेची खिडकी होती.

"ही पट्टी माउंटखाली परत झाकू," मामा म्हणाले. "भिंतीवर लावणाऱ्याला ती दिसायची गरज नाही. गुलाबी नाही तर फिकट गुलाबी, त्याचीही एक शोभा असते."

"झाक, पण अहवालात फोटो घाल. घेणारा चित्राचे पैसे देतोय की चित्राच्या उरलेल्या रंगाचे, हे त्याला कळायला नको?"

या वादात मामांची बाजू इथं पडते. फिकट झालेली पाकळी पुन्हा गडद होत नाही. तिच्याबद्दल गप्प बसून घेतलेले पैसे हे चलाखीचे पैसे. मामांनाही ते मान्य असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

"कोंबड्याचं काय? तो तर पांढरा करता येतो म्हणतेस."

येतो, हे खरं. नराची पाठ शिशाच्या पांढऱ्या रंगानं काढलेली होती. तेलरंगात हा पांढरा तेलाच्या आवरणात बराच सुरक्षित राहतो. जलरंगात तो उघडा पडतो, आणि हवेतला गंधकाचा वायू लागला की काळवंडतो. गटारं, कोळसा, धूर, ओली हवा. या शहराकडे तो वायू पुरवायची साधनं भरपूर आहेत. विन्सर अँड न्यूटननं १८३४ मध्ये जस्ताचा न काळवंडणारा पांढरा बाजारात आणला, पण कॅन्टनच्या चित्रशाळांत शिसंच चालत राहिलं. काळ्या पडलेल्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी बेतानं लावलं तर काळा थर पांढऱ्या क्षारात बदलतो आणि पक्षी उजळतो.

"मग कर की! राखाडी कोंबडा आणि चंदेरी फेझंट यांच्या भावात किती फरक पडेल ठाऊक आहे?"

"करता येतं, म्हणून विकायच्या आधी करायचं नसतं. तो पांढरा मूळचा पांढरा नसतो, वेगळा क्षार असतो. शेजारच्या काळ्या रेघा चिनी शाईच्या आहेत म्हणून टिकतील, पण पोटाचा निळा काय आहे ते मला अजून माहीत नाही. एकदा केलं की मागे येता येत नाही. घेणारा संग्राहक असेल तर तो स्वतःच्या संवर्धकाकडून करून घेईल. आपण लिहायचं: पांढरा काळवंडलेला, उपचार केलेला नाही, शक्य आहे."

"आधी फ्रेम उघडायला मी नाही म्हणत होतो, आता औषध लावायला तू नाही म्हणतेस," मामा म्हणाले. "हात न लावण्याचं आपलं घराणं आहे बहुतेक."

यानंतर दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठ्या बदलल्या. हा खेळ मामांचाच. अंदाज होता की व्यापाऱ्याचा आकडा चढा असेल आणि शास्त्रवालीचा सावध. निघालं उलटं. भाचीचा आकडा मामांच्या जवळजवळ अडीचपट होता.

"हा भाव देणारा कोण?" मामांनी विचारलं.

"देणारा नाही. हरवलं किंवा जळलं तर याच तोडीचं दुसरं मिळवायला काय लागेल, ते लिहिलं. विम्याचा आकडा."

"मी लिहिला तो महिनाभरात हातात पडेल तो."

दोन्ही खरे होते. आणि यांच्या मधे तिसरा, लिलावाच्या अंदाजाचा: खालचा-वरचा असे दोन आकडे, त्याखाली न विकण्याची राखीव मर्यादा, आणि बोली संपल्यावर दोन्ही बाजूंनी कापलं जाणारं कमिशन. चित्राची किंमत विचारणारा बहुधा एकच आकडा मागतो, आणि सांगणाराही पुष्कळदा कुठला आकडा सांगतोय ते सांगत नाही. भांडणं तिथून सुरू होतात.

टोरांटोच्या भाच्याचा हिशेब या तिन्हींत बसत नव्हता. तो लंडनचे पौंड रुपयांत करून बसला होता. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायदा, १९७६ पासून लागू झालेला, शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी माणसाला देशाबाहेर नेऊ देत नाही, आणि चित्र भारतातच काढलेलं असावं अशी अट कायद्यातल्या पुरावशेषाच्या व्याख्येत नाही. सुटकेसमध्ये शर्टांच्या मधे घालून न्यायचा सल्ला देणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. मामांनी त्याला दोन ओळींत कळवलं की याचं गिऱ्हाईक भारतातच शोधायचं आहे, त्यामुळे भावही भारतातलाच.

फ्रेम तेवढी राहिली होती. भाची ती बाजूला ठेवणार होती. नवं आम्लरहित माउंट, नवी फ्रेम, काच आणि चित्र यांच्यात बोटभर अंतर. मामांनी फ्रेम पालथी केली आणि कोपऱ्याचा सांधा दाखवला. खिळा नव्हता. लाकडात लाकूड बसवलेलं होतं, पाचर मारून. "हे मुंबईचं काम नाही. चित्राबरोबर तिकडूनच आलीय. चित्र वेगळं आणि फ्रेम वेगळी विकली तर दोन्हींचे मिळून जेवढे येतील त्याहून जास्त एकत्र येतील." भाचीनं सांध्याचा फोटो काढला, अहवालात फ्रेमसाठी वेगळी ओळ घातली आणि नवी फ्रेम रद्द केली, जुनीच आतून अस्तर लावून वापरायची ठरली.

अहवाल एका पानाचा झाला. कॅन्टन, चिनी चित्रशाळा, कागद इंग्रजी, वॉटरमार्कवरून १८०० पूर्वीचा नाही, सिल्व्हर फेझंटची जोडी, बागेत, सही नाही, गुलाबी उडालेला, पांढरा काळवंडलेला, फळीच्या गाठीचा एक डाग, मूळ फ्रेम, गुजराती वर्तमानपत्राचा ताव सोबत. खाली तीन आकडे, प्रत्येकासमोर तो कशाचा आहे ते लिहून. मामांना "सुमारे १८२०" घालायचं होतं. भाचीनं "एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध" एवढंच ठेवलं.

आंटींना फोनवर पान वाचून दाखवलं. त्यांनी तिन्ही आकडे दोनदा विचारून घेतले, कुठल्या तरी कागदावर लिहिले असावेत, आणि मग म्हणाल्या, "अने नाय विकला तर? मी त्याला पुण्याला नवीन फ्लॅटमध्ये नेला तर, दीकरी?"

"मग भाव शून्य आणि खर्च चालू," मामा पलीकडून मोठ्यानं म्हणाले. "विमा, अस्तर, माउंट, काच."

"तेवढं करून देते मी, आंटी," भाची म्हणाली. "फक्त खिडकीसमोर लावायचं नाही, आणि मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून सुटं टांगायचं. भिंत कुठली आहे? बाहेरच्या अंगाची असेल तर पावसाळ्यात ओल येईल. आतली आहे का एखादी?"